बटण दाबलं सासूबाईंनी

…आणि वर लोक म्हणतात, "घरी बसून वेबसाइटी करतो? मजा आहे बुवा!" मजा? अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या धाकट्या भावानं चांगली नोकरी सोडून हा वेबसाइटींचा धंदा काढला, त्याला नुकतंच वर्ष झालं, आणि त्यातलं अर्धं वर्ष एकट्या बँडमास्तरनं खाल्लं! पहिलंच मोठं गिऱ्हाईक. हल्ली लोक स्पीकर लावून मोकळे होतात, बँड बंद पडायच्या बेतात, म्हणून साइट. चालली तर दोघंही तरणार, नाहीतर दोघंही बुडणार! आणि मास्तरचा फोन आला की एकच, "जरासंच हलवायचंय!" काय? तर साइटवरचं ट्रंपेटचं चित्र डावीकडे. हलवला. मग ढोल वर… "जरासंच हलवायचंय!" अहो, ढोल वर गेला की मोबाइलवर खालचं बटण गायब होतं, हे त्याला कोण सांगणार? धाकटा जेवता जेवता हवेत बोटानं ढोल सरकवायला लागला!

शेवटी एकदाची साइट सुरू झाली. आणि… शुकशुकाट! महिना गेला, एक बुकिंग नाही. जुन्या साहेबाला फोन करावा का, इथवर धाकट्याची मजल गेली. तेवढ्यात त्याच्या सासूबाई राहायला आल्या. हा म्हणाला, "आई, हा बुकिंगचा फॉर्म भरून बघता? तुम्हाला जमला तर जगाला जमेल." सासूबाईंनी चष्मा पुसला, लॅपटॉप मांडीवर घेतला, आणि भरला हो!

रविवारी सकाळी धाकटा दात घासतोय, तोच दारावर थाप. उघडतो तर काय, लाल कोटातला अख्खा बँड!

"तुम्ही?" मास्तर म्हणाला.

"तुम्ही?" धाकटा म्हणाला.

"अहो, साइटवरनं बुकिंग आलं! हे बघा, प्रसंग : 'जावईबापूंच्या धंद्याला वर्ष झालं.'"

धाकट्यानं मागं वळून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "मग काय खोटं लिहू?"

आता 'ती नुसती चाचणी होती' असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण मास्तरचा चेहरा असा काही फुललेला, की पठ्ठ्यानं पेस्टसकट शब्द गिळले. म्हणाला, "वाजवा!"

वाजवा म्हणजे काय विचारता! जिना दणाणला! ढोलवाला वळणावर अडकला, मास्तर ओरडतोय, "जरासंच हलवायचंय!" वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई नाचतच खाली आल्या, "कुठं मिळतो हो हा बँड?" भराभर मोबाइल निघाले. तिथंच, पायऱ्यांवर, लोक साइट उघडताहेत, बटण दाबताहेत! वर्षभर धाकट्यानं बटणं केली, पण ती कुणी दाबताना कधी बघितलं नव्हतं. उभा राहून नुसता बघत होता, तोंडाला फेस, डोळ्यांत पाणी… आता फेस डोळ्यांत गेला असेल, काय सांगावं?

निघताना मास्तर म्हणाला, "पुढच्या रविवारी कितीला येऊ?"

"कशाला?"

"अहो, या पत्त्यावरची सात बुकिंगं आहेत! एका दिवशी सात कशी उरकणार? म्हणून दर रविवारी एक लावलंय."

"आई!"

"हे बघा जावईबापू, बटण दाबलं तर 'मिळालं', 'पोचलं', काही म्हणेचना ते! मग मी आपली दाबत राहिले."

'बुकिंग झालं' एवढं दाखवायचंच हा शहाणा विसरला होता!

आज दुसरा रविवार. ऐकू येतंय ना?… चला, जिन्यातल्या सायकली काढतो. ढोल यायचाय.