रोज बरोबर येणारं उत्तर

माझी झोप उडाली ती बरोबर उत्तरांमुळे. डेटाबेस शिकायला मी एका ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे, तिथे रोज सकाळी क्विझचा एक प्रश्न येतो. सोबत म्हणून नवराही आलाय. हल्ली मी त्याचा कारखान्याचा डबा भरून येईपर्यंत माझ्या मोबाईलवर उत्तर दिलेलं असायचं, तेही बरोबर! मला तर डेटाबेसमधली दोन टेबलं जोडताना घाम फुटतो. कीव येऊन हाच देत असणार.

शेवटी धरलंच त्याला. "मला ढ समजतोस का?"

"अगं, माझ्या मोबाईलवरची उत्तरं तर रोज चुकलेलीच दिसतात. तुझी कुठून बरोबर देऊ?"

तेवढ्यात आमची सहा वर्षांची चिऊ म्हणाली, "आधी मी बाबांच्या मोबाईलवर कायपण दाबते. मग कुठलं हिरवं होतं ते बघून तुझ्या मोबाईलवर दाबते. चुकलं की तू रडतेस. बाबा न्हाई रडत."