जुनी कडी

नाही, नाही, नवी नको — ही चकचकीत काय कामाची, मिस्त्री? एखादी जुनी नाही का तुमच्या पिशवीत? गंजलेली, जराशी वाकलेली — हां, ती. तीच लावा बाथरूमच्या दाराला, आतून. लेक चारला येतेय, त्याच्या आत व्हायला हवं. आणि असे बघू नका माझ्याकडे, इथली कडी नऊ वर्षांपूर्वी तुम्हीच काढून नेलीत, मला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं — भोकं कुठे होती ते तुम्हाला ठाऊक, एवढ्याचसाठी. म्हणजे, दुसऱ्या कुणाला बोलावणार होतो मी?

आठवतंय ना, कडी अडकून आमची ही आत कोंडली गेली होती ते? तुम्ही येईपर्यंत तासभर आत बसून हसत होती, आणि तुम्ही दार उघडलंत तेव्हा म्हणाली, 'या, बसा.' तुम्हीसुद्धा हसलात. तिच्यापुढे सगळेच हसायचे हो. पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर असायची — तिच्या खिडकीची रांग पार दाराबाहेर, आणि शेजारच्या खिडकीवरची बाई स्वेटर विणत बसलेली! लोक तिकीट घ्यायचं विसरून घरातली भांडणं सांगत बसत. ती गेली त्या दिवशी जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. आणि मी — चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं, वर्गात पुढच्या बाकावरचेसुद्धा जांभया द्यायचे. तक्रार नाही. तिनं माझ्यात काय पाहिलं, हे मला अजून कळलेलं नाही, एवढंच.

तर ती तुम्हाला म्हणाली, 'काढूनच टाका ती कडी, माझं गाणं आहे ना!' गाणं चालू म्हणजे ही आत, गाणं थांबलं की बाथरूम मोकळं. नऊ वर्षं या नियमावर घर चाललं. सूर? छे, सूर कसला! खालचा शिंपी ओरडायचा, 'वहिनी, कापड तिरकं कापलं गेलं माझं!' की ही वरून, 'मग तिरकंच गिऱ्हाईक शोधा!'

आणि 'मेले!' — हा तिचा शब्द. दूध उतू गेलं, मेले. विनोद आवडला, मेले. हरवलेला चष्मा सापडला तरी मेले! माझ्या पुस्तकात घातलाय मी तो. अय्या, अरेरे, छे — असल्या उद्गारांवरच आहे ते पुस्तक — तिथे लिहिलंय, 'याचा शब्दशः अर्थ घेऊ नये.' छापखान्यातून तपासायला पानं आली ती त्याच दिवशी. सकाळचे दहा वाजले असतील. गाणं थांबलं, ओळीच्या मधेच, काहीतरी पडल्यासारखं वाजलं — बादली वाटली मला — आणि आतून 'मेले!' मी नेहमीसारखं म्हणालो, 'मर, पण आधी चहा टाक.' असंच म्हणायचो हो मी. ती हसायची. त्या दिवशीही हसली. हसली असावी.

लेकीला मी फोनवर सांगितलं, कडी आतून लावलेली होती. धडका दिल्या, अंगात जोर नाही, शेजारी गोळा करेपर्यंत वेळ गेला. ती रडत होती, रडता रडता मलाच म्हणाली, 'बाबा, तुमचा काय इलाज होता?' आता ती येईल, तोंड धुवायला आत जाईल, दार लावेल — हात कडीकडे जाणारच ना? चार वर्षांपूर्वी दोन दिवस राहून गेली, तेव्हा कडी नव्हती, ते तिच्या लक्षात असेल? नसेल. असेल? तुम्हाला काय वाटतं? — अहो, पेचकस खाली का ठेवलात?

काय? — किती वेळा हाक आली? एकदाच. सांगितलं ना, 'मेले' म्हणाली, एकदा. बरं, दोनदा. दुसऱ्यांदा हळू होतं, मी बावन्नाव्या पानावर होतो, तळटीप चुकली होती — मी म्हणालो, 'आलो.' म्हणालो होतो, मिस्त्री! आता आपल्या भाषेत माणूस जागचा हललेलाही नसतो आणि आलो म्हणतो, हे मीच शिकवायचो वर्गात, त्याला मी काय करू? मग ती म्हणाली, 'अहो, या ना.' हो, तिसऱ्यांदा. 'या' हा उद्गार नाही. क्रियापद आहे. त्याचा एकच अर्थ होतो. आणि मी पान उलटलं. त्यानंतर काही ऐकू आलं नाही, आणि मला — सांगू? — बरं वाटलं. इतकी शांतता घरात कधीच नव्हती. सत्तराव्या पानापर्यंत एकही चूक सुटली नाही माझ्या हातून. दार नुसतं लोटलेलं होतं.

जुन्या भोकांतली पुट्टी उकरलीत का तुम्ही? नाही ना? पावणेचार झाले. उठा. नाही, काही बोलू नका, तुम्ही काहीच ऐकलेलं नाही. ती कडी कुठे नेताय? ठेवा इथे. स्क्रूही ठेवा. आणि तो पेचकस — द्या इकडे, मी लावतो. येतं मला. जा म्हणतोय ना!