पडद्यामागचं पांढरं ताट

रंग बघून निकाल देणाऱ्या, तुलाच विचारतोय! देवापुढचं ताट उचलायचा हक्क तुला दिला कोणी? मंडळी, माना वळवू नका, मी नाव घेतलेलं नाही. ऐका. वस्तू ओळखायची कशानं — आतल्या सत्त्वानं, की वरच्या रंगानं?

एक बाई, कुंदा शेट्ये. लेक काविळीनं अंथरुणाला खिळलेली. आई नवस बोलली: पोर उठली की माझ्या हातचे मोदक गणपतीपुढे ठेवीन. पोर उठली. आणि म्हणते काय — आई, पांढऱ्या चॉकलेटचे कर! मंडळाचं फर्मान होतंच, यंदा नैवेद्याला चॉकलेटचेच मोदक. (देवाला विचारलं होतं? जाऊ द्या.)

आता पांढरं चॉकलेट म्हणजे काय? कोकोची बी दळून पिळली की दोन गोष्टी हाती येतात — तपकिरी भुकटी आणि लोणी. पांढऱ्यात ते लोणी, साखर, दुधाची पावडर. भुकटी नाही, म्हणून तो रंग नाही. याला चॉकलेट म्हणावं का, यावर जाणकारही भांडतात. पण अन्नपदार्थांच्या सरकारी नियमानं त्याला वेगळा वर्ग दिलाय, लोणी किती हवं तेही ठरवलंय. घराबाहेर नाही काढलं!

नैवेद्य आधी चाखायचा नाही, ही आपली रीत. मग अध्यक्षांनी निवड केली कशानं? डोळ्यांनी! म्हणाले, "वहिनी, हे चॉकलेट नव्हे, खवा दिसतोय." ताट उचललं, पडद्यामागे सरकवलं. दुसऱ्या कुणाचे तपकिरी मोदक पुढे मांडले आणि वर कौतुक, की उकाड्यातही कसे ताठ बसलेत!

बसणारच की! भुकटी चिमूटभर, बाकी वनस्पती तूप.

कुंदाबाईंच्या हातात एकच मोदक उरला होता. तो धरून त्या नवस सांगत राहिल्या. अध्यक्ष ऐकेनात. तोवर मोदक विरघळून मनगटाकडे ओघळला — कोकोचं लोणी ते, माणसाच्या अंगच्या उबेनं पाझरतं. हाताकडे बघत बाई म्हणाल्या, "भाऊजी, देवाला मी काय दाखवायचं होतं? रंग?"

आरती झाली. अध्यक्षांनी तपकिरी प्रसाद तोंडात टाकला, तो टाळूला असा चिकटला की जयजयकाराला तोंड उघडेना!

हसलात? तुम्हीही तोच खाल्लात. ताट उचललं तेव्हा तुमचीही तोंडं बंदच होती — आणि तेव्हा तर प्रसाद वाटलाही नव्हता.

गोष्ट कालची. मांडव हाच. ताट अजून त्या पडद्यामागे आहे, लेक आईशेजारी बसलीय, उद्या विसर्जन. मी चिपळ्या खाली ठेवल्यात. अध्यक्षमहाराज, ते ताट पुढे कोण आणणार? बोला!