साफ केलेला आवाज

सीडीचं कवतिक माझ्यापुढं नका सांगू. आमचे वडील मेंढरं राखायचे, ओव्या लई गोड म्हणायचे. ते गेल्यावर त्यांची एकच कॅसेट उरली. ओवी म्हणता म्हणता मधीच त्यांनी आईला सांगितलेलं, "पाणी आण गं." कॅसेट तिथवर आली की आई टेपसमोर पाण्याचा तांब्या ठेवायची. रोज.

कॅसेट खरखरायला लागली म्हणून मी पाटोद्याला सीडी करून घेतली. दुकानदार म्हणला, "खोकला, मधलं बोलणं, समदं कॉम्प्युटरवर काढलंय. कॅसेटबी पुसली, आता तिचं काय काम?"

घरी सीडी लावली. आई तांब्या घेऊन बसली. ओवी संपली तरी तांब्या तिच्या हातातच.

मग म्हणली, "आज पाणी कावून न्हाई मागितलं रं त्यांनी?"