विहिरीकाठची हरणं

एकटीनं हिंडायचं म्हणता ना तुम्ही, मग माझं ऐका.

पस्तीस-छत्तीस साल असेल. मी बारामतीला मुलींच्या शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. एका रविवारी कुणाला न सांगता इंदापूरच्या मोटारीत बसले आणि निमगावच्या अलीकडे माळावर उतरले. काळविटं बघायची होती, बस्स. विहिरीच्या काठाला लिंबाखाली गप्प बसून राहिले. कळप चरत चरत इतका जवळ आला की गवत तोडल्याचा आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात मागून आरोळी आली, "धरा, धरा तिला!" कळप उधळला. दोन बायकांनी माझे दंड धरून मला पाटलाकडे नेलं.

"नवरा मारतो व्हय, बाई?" पाटलांनी विचारलं.

"लग्न नाही झालं."

"मग हिरीत जीव कशापायी देतीस?"

"जीव नाही हो देत. हरणं बघत होते."

"एकटी?"

कुणाला पटेना. शेवटी निरोप धाडून माझ्या थोरल्या भावाला बोलावलं. दादानं आल्या आल्या हात जोडले. "घरात बोलाचाली झाली होती. रागानं आली."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चहासुद्धा झाला.

परत येताना मी विचारलं, "खोटं का बोललास?"

"जीव द्यायला निघालेल्या पोरीची लोक कीव करतात. एकटी हरणं बघत बसणारीला काय म्हणतात, ते ऐकायचंय तुला?"

दिवाळीच्या आत त्यानं माझं लग्न उरकलं. शाळा सुटली, आणि सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा.