दुसरं झाड कुणाच्या अंगणात?

रोपवाटिकेच्या रांगेत शिंपीणबाई गुलाबाची कुंडी सांभाळत उभ्या होत्या. पुढे एक म्हातारं जोडपं लाल सफरचंदाच्या एका रोपावरून हुज्जत घालत होतं.

"अहो, माळी काय म्हणाला? एकट्या झाडाला फळ धरत नाही. जवळच दुसऱ्या वाणाचं झाड हवं."

"आपल्या अंगणात दुसरं मावणार कुठे?"

"शेजारी भाऊजींच्या अंगणात मावेल की."

"धाकट्याच्या? कुंपणावरून सहा वर्षं अबोला आहे आमचा!"

"अबोला तुमचा आहे. मधमाश्यांचा नाही."

म्हातारबुवा मागे शिंपीणबाईंकडे वळले.

"बाई, आमचा नंबर धरता का जरा? हिरव्या सफरचंदाचं रोप आणतो."

"भाऊजींना हिरवं?" म्हातारीनं विचारलं.

"छे! त्याला हे लाल दे. आंबटानं दात आंबतात त्याचे, लहानपणापासून."