चौथी चकती

माझ्या गाडीची वाट पाहत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारी म्हाताऱ्या मेस्त्रीचा जावई आपल्या जुन्या पिकअपला चार नवे इंजेक्टर बसवून निघायच्या घाईत होता. त्याची बायको तान्ह्याला घेऊन पिकअपमध्ये बसलेली. मेस्त्री तिचा बाप.

"जावईबापू, इंजेक्टरखालून काढलेल्या जुन्या तांब्याच्या चकत्या चाराच्या तीनच दिसतात."

"पडली असेल कुठेतरी, मामा."

"की भोकाच्या तळाशीच चिकटलीय? नवी तिच्यावर बसली असेल, तर घाटात जोर आला की इंजेक्टर वर उचलला जाईल."

"इंजिन छान फिरतंय. पुढचं देव बघेल."

"देवाला आपल्या चुका निस्तरायला बसवू नये, बापू."

"चारचौघांत पाणउतारा पुरे! बस गं नीट, निघतोय."

"बाबा, दार उघडा, बाळाला धरा. अहो, तुम्ही पाना धरा."